निघायला जोर लागतो

माझा नवरा थांबला की निघत नाही आणि निघाला की थांबत नाही, असं मी डॉक्टरांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांना वाटलं, बायको गाऱ्हाणं सांगते आहे. मी गाऱ्हाणं सांगत नव्हते, लक्षण सांगत होते. मी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. जे दिसतं ते आधी सांगायचं आणि ते का होतं हे नंतर, अशी सवय लागलेली आहे.

"चालून दाखवा बरं," डॉक्टर यांना म्हणाले.

हे खुर्चीतून उठले आणि उभेच राहिले. कमरेपासून वरचं अंग पुढे झुकलेलं, पाय जागच्या जागी. टाचा जरा थरथरल्या, पण पाऊल उचललं गेलं नाही. मग अडकलेलं काहीतरी सुटावं तसे ते सुटले. वीतभर वीतभर पावलं, प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा घाईचं, आणि शरीर पावलांच्याही पुढे. समोर भिंत होती म्हणून थांबले. डॉक्टर आता हसत नव्हते.

कंपवात. बरा होत नाही, वाढत जातो, गोळ्यांवर काही वर्षं बरी जातात. त्यांनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं. मला ते बरं वाटलं. खोटा धीर देणाऱ्या माणसाकडे पुन्हा जावं लागलं असतं तर मला राग आला असता.

घरी येताना गाडी मी चालवत होते. मेडिकल चौकाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा हे पहिल्यांदा बोलले.

"कॅरम खेळता येईन का मले?"

"येईल की. स्ट्रायकरवर बोट ठेवलं की तुमचा हात हलत नाही. मी पाहिलंय."

"हाताचं नाही विचारून राहिलो वं. खाली जाता येईन का?"

सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न धरला, मी गाडी काढली.

खाली म्हणजे आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. आम्ही नंदनवन वस्तीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्टमधून बाहेर पडलं की एक उतार लागतो, उतार संपला की पार्किंग, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात दोन खांबांच्या मध्ये कॅरमचा बोर्ड. वरून वायरने लोंबणारा दिवा, त्याला पुठ्ठ्याची टोपी. संध्याकाळी आजूबाजूच्या इमारतींमधले पाच-सहा पुरुष तिथे जमतात. त्यांच्यात हे सगळ्यात चांगले. नोकरीत असताना ऑफिसांच्या स्पर्धांमध्ये मिळवलेल्या कपांनी आमचं एक कपाट अडवलेलं आहे. "सरकारी नोकरीत मी हेच काम मन लावून केलं," असं ते स्वतःच सांगायचे आणि ते खोटं नव्हतं.

त्या बोर्डावर पूर्वी वरच्या मजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थही असायचे. शेवटी शेवटी मुलगा त्यांना खुर्चीत बसवून आणून ठेवायचा. मग सगळे मुद्दाम चुकायचे आणि त्यांना जिंकू द्यायचे. असं एकदा झालं तेव्हा हे वर आले आणि पाय न धुताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "मले असं कोनी आनून ठेवलं त मी खेळनार नाही. आपल्या पायानं जाईन तोपर्यंत खेळीन." मी कणीक मळत होते. म्हटलं, ठीक आहे.

म्हणजे त्यांना काय हवं होतं हे मला नेमकं ठाऊक होतं. दार, लिफ्ट, उतार, बोर्ड. आपल्या पायांनी. त्यापलीकडे त्यांनी काही मागितलं नाही, आणि माझ्याकडे दुसरं देण्यासारखं काही नव्हतंही.

जडत्व मला पुस्तकातून कळलं होतं, पण शिकवायला मी यांच्याकडून शिकले. दर वर्षी नववीच्या वर्गाला मी एकच प्रश्न विचारते: हलती वस्तू हलत राहायला काय लागतं? सगळा वर्ग एका आवाजात म्हणतो, जोर. पाठ शिकवून झाल्यावर विचारलं तरी निम्मा वर्ग पुन्हा जोरच म्हणतो. सायकलचं पायडल मारणं थांबवलं की सायकल थांबते, चेंडू ढकलला की थोडा जाऊन थांबतो, मग त्यांनी दुसरं काय म्हणावं? एका वर्षी वैतागून मी घरचा बोर्ड ऑटोत घालून वर्गात नेला, आणि यांनाही सोबत नेलं. तेव्हा ते धडधाकट होते.

त्यांनी आधी बोर्ड ओलसर फडक्याने पुसला आणि स्ट्रायकर मारला. तो अर्ध्यात थांबला. मग कोरडा पुसून मारला. पलीकडच्या लाकडापर्यंत गेला. मग पावडर टाकली, तळहाताच्या कडेने सारखी केली, फुंकर मारली आणि पुन्हा मारला. स्ट्रायकर गेला, आपटला, परत आला, पुन्हा गेला.

"मी तितकाच मारला," ते वर्गाला म्हणाले. "मंग यावेळेस जास्त काहून गेला?"

"पावडरनं जोर दिला," मागच्या बाकावरून आवाज आला.

"पावडर काय पैलवान हाय का बे?"

वर्ग हसला. हे थांबले, हसू ओसरू दिलं. बोर्डाभोवती लोकांना असं बोलण्यात गुंतवणं त्यांना छान साधायचं.

"पावडरनं काहीच नाही देल्लं. अडवनारा होता, त्याले बाजूले केलं. गोटीले निंगाले जोर लागते. जायाले नाही लागत. अन् आपल्या मनानं ते कधीच थांबत नाही. तिले कोनी ना कोनी थांबवते." सोंगटीला ते गोटी म्हणतात.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "काका, मग बोर्ड खूप मोठा असला आणि पावडर एकदम चांगली असली, तर?"

"त नाही थांबनार."

"कधीच?"

"कधीच."

"मग तिला परत कसं आणायचं?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. उलट दिशेने बल लावावं लागेल, असं मी फळ्यावर लिहिलं, त्याखाली नियम लिहिला. वस्तूवरचं निव्वळ बल शून्य असेल तर थांबलेली वस्तू थांबूनच राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते. 'जोर संपला' हे शब्द मी तेव्हापासून मुलांच्या उत्तरात लाल शाईने खोडते. जोर वस्तूत भरून ठेवलेला नसतो, तेव्हा तो संपायचा प्रश्नच येत नाही. चेंडू थांबतो तो गवताने, मातीने, हवेने मागे रेटल्यामुळे. चालणं आपोआप होतं. थांबवणं हे कुणाचं तरी काम असतं.

यांचा एक नियम सगळ्या पार्किंगला पाठ होता. पावसाळ्यात बोर्ड दमट झाला, सोंगट्या अडायला लागल्या, की कुणीतरी आपल्या बोटाला शिव्या द्यायचा. तेव्हा हे म्हणायचे, "अडलं त बोटाले दोष नाही द्यायचा, पावडर पाहाची." आणि डब्यातून पावडर शिंपडायचे. प्रत्येक वेळी सोंगटी सुटायची. आयुष्यभर जी गोष्ट दर वेळी खरी ठरते ती खोटी ठरू शकते, हे माणसाच्या ध्यानात कसं यावं?

कंपवाताचं निदान झाल्यावर घरी फिजिओथेरपी करायला एक तरुण मुलगी येऊ लागली. हुशार होती आणि तोंडाने तिखट. पहिल्याच दिवशी तिने पाहिलं की मी यांचा हात धरून पुढे ओढते. "मॅडम, ओढू नका. ओढलं की वरचं शरीर येतं, पाय तिथेच राहतात. मग काका पडतील आणि तुम्ही मला बोलाल." मग तिने विचारलं, "घरात खडू आहे का?"

शिक्षिकेच्या घरात खडू नसेल तर काय असेल? तिने आमच्या आतल्या खोलीपासून दारापर्यंतच्या बोळात आडव्या रेषा ओढल्या, पावला-पावलाच्या अंतरावर.

"काका, रेषेवर पाय नाही द्यायचा. रांगोळी समजा. रांगोळीवर पाय दिला तर काकू जेवायला नाही देणार."

"ते तसंही वेळेवर नाही देत," हे म्हणाले आणि पाय उचलून रेषेपलीकडे टाकला. मग दुसरा. मग तिसरा. एखादा धडधाकट माणूस दारापर्यंत जातो तसे ते दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. तो आधीच बंद होता.

तिने नंतर मला समजावून सांगितलं की चालणं आपल्याला आपोआप येतं, ती आपोआपची वाट यांच्या डोक्यात बुजत चालली आहे. पण समोर काही ओलांडायचं असलं की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करतो. रेष ही त्या दुसऱ्या वाटेची खूण. ती वाटही कायम उघडी राहील असं नाही, हेही तिने सांगितलं.

मग ते माझं काम झालं. सकाळी शाळेत जायच्या आधी रेषा ओढायच्या. दुपारी फरशी पुसली की त्या जायच्या. संध्याकाळी शाळेतून आल्यावर पुन्हा ओढायच्या. इतकी वर्षं फळ्यावर लिहून हात सरळ झालेला आहे, मला पट्टी लागत नाही. हे रेषा ओलांडत लिफ्टपर्यंत जायचे. लिफ्टच्या दारातली पट्टी हीही एक रेषच.

प्रश्न उताराचा होता. उतारावर रेषांचा उपयोग नव्हता. तिथे एकदा पाय निघाला की वेग वाढतच जायचा, आणि मी धरलं तर दोघंही घसरलो असतो. त्यावर तोड काढली ती यांच्या भिडूने. दुहेरीच्या खेळात समोर बसणारा जोडीदार तो भिडू. हा शेजारच्या इमारतीत राहणारा, नोकरीतून निवृत्त झालेला, अंगाने आडवा, तोंडाने अखंड चालू असलेला माणूस. तो उताराच्या तळाशी हात पसरून उभा राहायचा.

"सोडा वहिनी, सोडा त्याईले! मी हावो ना."

मी सोडायची. हे घाईच्या पावलांनी, वाकलेले, उतारावरून सुटायचे आणि सरळ त्याच्या छातीवर जाऊन आदळायचे. तो त्यांना मिठीत धरून अर्धा फिरवायचा आणि बोर्डाकडे तोंड करून द्यायचा. "अन् हा पाह्य रिबाउंड! गेली राणी पॉकेटात!" सगळे हसायचे. हेही हसायचे. मग खुर्चीत बसायचे, थरथरता हात बोर्डावर आणायचे, आणि स्ट्रायकरला बोट लागलं की हात थांबायचा. भिडू मुद्दाम चुकायचा नाही. त्यांच्यासमोर कुणीही मुद्दाम चुकत नव्हतं. चुकायची गरज नव्हती.

एक पावसाळा आणि एक हिवाळा असा गेला. ते दिवस बरे होते असं आता म्हणता येतं. तेव्हा ते नुसते दिवस होते. मला भाजी आणायची असायची, पेपर तपासायचे असायचे.

उन्हं तापायला लागली तसं रेषांचा उपयोग कमी व्हायला लागला. हे बोळात उभे राहायचे आणि पाय उचलला जायचा नाही. गोळीची वेळ बदलून पाहिली, डॉक्टरांनी गोळीही बदलली. एका संध्याकाळी इतका वेळ उभे राहिले की खालून खेळ सुरू झाल्याचा आवाज वर यायला लागला. सोंगट्यांचा पहिला फोड ऐकू येतो आमच्याकडे.

"रेष पाहा," मी म्हटलं.

"रेष दिसून राहिली मले. आंधळा नाही झालो. पाय चिकटून राहिले."

"ओलांडायचंय असं मनात म्हणा."

"मनात म्हनून थकलो वं." मग त्यांनी खाली पाहिलं. त्या दिवशी फरशी पुसली गेली नव्हती. सकाळच्या रेषांवर मी संध्याकाळच्या ओढल्या होत्या आणि खडूची भुकटी जरा जास्त सांडली होती. त्यांनी पंजा त्या भुकटीत घासला. पाय सुटला. ते एक पाऊल पुढे गेले. "पाह्यलं? जिथं तुही भुकटी पडते तिथं पाय सुटते."

"भुकटीने नाही. रेषेने."

"तुले का मालूम? पाय कोनाचे हायेत?"

मी त्यांना पुन्हा सगळं समजावलं. फिजिओवाल्या मुलीनेही दुसऱ्या दिवशी समजावलं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे पटणं नव्हे, हे शिक्षकाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पण कुणाच्या मानेवर चोवीस तास पहारा ठेवता येत नाही, आणि शाळेत परीक्षा सुरू झाल्या होत्या.

त्या दिवशी दुपारच्या पेपरला मी वर्गावर होते. पेपर संपवून शिक्षकांच्या खोलीत आले तर फोनवर भिडूचे लागोपाठ कॉल. लावला. "वहिनी, या तुम्ही. लवकर या." एवढं कमी बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं, त्यावरूनच काय ते कळलं.

घरी दार उघडं होतं, यांनी निघायच्या आधीच उघडून ठेवलेलं. हे बोळात आडवे पडलेले, भिडू भिंतीला टेकून फरशीवर बसलेला, यांचं डोकं त्याच्या मांडीवर. दोघंही गिरणीतून पीठ दळून आल्यासारखे पांढरे. ॲम्ब्युलन्स सांगून झाली होती. मी पाण्याचा पेला आणला आणि मग फरशीकडे पाहिलं.

आतल्या खोलीच्या दारापासून मुख्य दारापर्यंत कॅरमची पावडर. कशीही टाकलेली नाही. बसून मागे सरकत कोरड्या फडक्याने सारखी केलेली; भिडू आला ती कड सोडली तर कुठे ढीग नाही, कुठे उघडी फरशी नाही. बोर्ड लावावा तसा बोळ लावला होता. सकाळी ओढलेल्या माझ्या रेषा त्याखाली पूर्ण झाकल्या गेल्या होत्या. पावडरीवर पहिलं पाऊल स्वच्छ उमटलेलं होतं, पाचही बोटं मोजता येतील असं. दुसऱ्या पावलाच्या जागी पाऊल नव्हतं. एक लांब, सरळ पट्टा होता, आणि पट्ट्याच्या टोकाशी ते.

पाय चिकटले नव्हते. तेवढं त्यांच्या मनासारखं झालं होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन होईपर्यंत मी आणि भिडू दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. त्याच्या भुवयांत अजून पावडर होती.

"मीच देल्ला डबा, वहिनी. सकाळी फोन केला त्याईनं, वर आनून दे म्हने. मले वाटलं घरचा बोर्ड काढून राहिले. आनून देल्ला. मंग म्हने, आज मी एकटा येतो, तू उताराखाली उभा राह्य. मी उभा होतो ना. हात पसरून उभा होतो मी."

"तुम्ही दिला नसता तर घरात टाल्कम होतं."

"तरी बी."

"तरी काही नाही. तोंड धुऊन या. लोक बघतात."

तो गेला, तोंड धुऊन आला, आणि पुन्हा तेच सांगायला लागला. मी त्याचं दोनदा ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा त्याला घरी पाठवलं.

ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी यांना नीट बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, "चुकलं कुठी?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. पण त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. म्हणून मी वर्गात सांगते तसं सांगितलं. गोटी स्वतः चालत नाही, तिला बोट ढकलतं. माणसाला ढकलणारं बाहेर कुणी नसतं. माणूस पायाने फरशीला मागे रेटतो आणि फरशी त्याला पुढे रेटते. फरशीने पकडलं नाही तर रेटायला काहीच नसतं. तुम्हाला अडवतंय म्हणून जे तुम्ही काढून टाकलं, तेच तुम्हाला चालवत होतं. निघायलाही तेच लागतं आणि थांबायलाही.

ते छताकडे पाहत राहिले. "म्हनजे गोटीले बोट अन् मानसाले फरशी."

"हो."

"मंग त्याच्यापेक्षा तू मागून एक बोट मारून देती त बरं होतं."

मी हसले. तेही हसायला लागले आणि टाके दुखले म्हणून थांबले. आमच्यातला तो शेवटचा विनोद, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

हाड जुळलं, पण चालणं आलं नाही. दुसरी वाटही बुजली. फिजिओवाल्या मुलीने महिनाभर रेषा, टाळ्या, मोजणं, सगळं करून पाहिलं. मग एक दिवस बोळात ती माझ्याशी हळू आवाजात बोलली, आणि तिच्या नेहमीच्या तिखटपणाने बोलली नाही. चाकांची खुर्ची आणली. खडू मी शाळेत परत नेले.

लोक येतात, चहा घेतात आणि मला म्हणतात, तुमच्यात फार हिंमत आहे. माझ्या नणंदेने तर हात जोडले. मी त्यांना काही सांगत नाही, कारण सांगायला लागलं की पाठ शिकवल्यासारखं होतं. पण हिंमत वगैरे काही नाही. सकाळी उठते, त्यांना उठवते, पुसते, गोळी देते, डबा भरते, शाळेत जाते. यातल्या कशालाही जोर लागत नाही. कधीतरी निघताना लागला असेल, तो कुणी दिला ते आता आठवत नाही. मला अडवेल असं काही समोर आलं नाही, म्हणून मी चालू आहे. पूर्वी हे अडवायचे. भाजीत मीठ कमी, पंखा जास्त, तू त्या बाईशी असं काहून बोलली. रोज एक भांडण, आणि त्या भांडणाला पाय रेटून मी पुढच्या कामाला लागायची. आता ते सगळ्याला हो म्हणतात. पंखा लावू का? हो. बंद करू का? हो. घर अगदी गुळगुळीत झालं आहे.

यंदाही नववीला प्रश्न विचारला. वर्ग म्हणाला, जोर. मी फळ्याकडे वळले आणि नियम लिहिला. बोर्ड नेला नाही.

भिडू मात्र दर आठवड्याला वर येऊन विचारायचा, "वहिनी, एक डाव खेळवू का साहेबाले?" मी नाही म्हणायची. यांचा शब्द मला ठाऊक होता. एका संध्याकाळी तो यांनाच विचारून बसला. "चालता का गा साहेब, खाली?"

"हो," हे म्हणाले.

ते हो कशाचं आहे हे मला कळत होतं. पंख्याला म्हणतात तेच. मी भिडूकडे पाहिलं. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मला नाही म्हणता आलं नाही, आणि नाही म्हणून तरी काय वाचवायचं होतं?

उतारावर मी खुर्ची दोन्ही हातांनी मागे ओढून धरली. भिडू सवयीने तळाशी जाऊन उभा राहिला, हात अर्धे उचलले आणि मग खिशात घातले. बोर्डाभोवतीची माणसं उठली. कुणीतरी दिवा सारखा केला. खुर्ची बोर्डाला लावली तेव्हा सगळे एकदम खूप बोलायला लागले. मांडणी झाली. पहिला फोड यांना दिला.

त्यांनी हात बोर्डावर आणला. थरथर होती. बोट स्ट्रायकरला लागलं आणि थरथर थांबली. तेवढं शिल्लक होतं. त्यांनी मारला.

स्ट्रायकर निघाला, सावकाश गेला, आणि मधल्या सोंगट्यांना लागायच्या आधीच थांबला.

मग भिडूने, हात डब्याकडे नेत, तोंडाला वर्षानुवर्षं बसलेलं बोलून टाकलं. "बोर्ड अडून राहिला. पावडर टाकू का?"

बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं. हात डब्यावर तसाच राहिला.

हे स्ट्रायकरकडे पाहत होते. पुष्कळ दिवसांनी ते हो म्हणाले नाहीत.

"नको," ते म्हणाले. "बोर्ड बरोबर हाय." आणि माझ्याकडे न पाहता, "वर चाल वं."

मी ब्रेक सोडला आणि खुर्ची वळवली. मागे कुणीतरी स्ट्रायकर उचलल्याचा आवाज आला, फोड झाल्याचा आला नाही. उताराशी आलो तेव्हा भिडू धावत आला आणि त्याने हात लावला. "राहू द्या," मी म्हटलं. खाली येताना नुसतं धरून ठेवावं लागलं होतं. वर जाताना सगळं वजन अंगावर आलं. पाय फरशीला रोवले आणि ढकलायला लागले.